विषय क्रमांक सात

सिंधूताई गजघाटे सभेचं प्रोसिडिंग सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवत. यात लपवाछपवी काही नव्हती. धरमपेठेतल्या जानकीबाई स्मृती न्यासाची वार्षिक सभा सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी चार वाजता भरायची, आणि तिच्यात काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं. आलूबोंडे यायचे, चहा यायचा, अध्यक्ष भैयाजी आपल्या गुडघ्याबद्दल बोलायचे, विश्वस्त कुसुमताई त्यांना व्यायाम सांगायच्या, आणि साडेपाचला सगळे रजिस्टरवर सह्या करून उठायचे. मग सभेसाठी खोळंबून बसायचं कशाला? शनिवारी दुपारी सिंधूताई मागच्या वर्षीचं पान उघडत, नव्या पानावर तारीख बदलत आणि बाकी सगळं जसंच्या तसं उतरवून काढत. अक्षर मोत्यासारखं. खाडाखोड औषधाला सापडायची नाही.

या पद्धतीची एक बारीकशी अडचण तेवढी झाली. खजिनदार मार्तंडराव २०२१ च्या उन्हाळ्यात वारले. सिंधूताई त्यांच्या घरी जाऊन आल्या, पोटभर रडल्या, आणि सप्टेंबरात 'उपस्थित'च्या खाली त्यांचं नाव लिहून मोकळ्या झाल्या. पुढची दोन वर्षंही मार्तंडराव हजर राहिले. दर वर्षी त्यांनी ठरावाला अनुमोदनही दिलं. हयात होते तेव्हा दोन-दोन वर्षं तोंड दाखवायचे नाहीत, त्या मानानं मेल्यावर माणूस बराच नियमित झाला म्हणायचा. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सही करताना वाचायची पद्धत तिथे नव्हती.

न्यास म्हणजे तरी काय, मुलींचं वसतिगृह. उमरेड, कुही, भिवापूरकडच्या बत्तीस मुली तिथे राहून कॉलेज करत, आणि सिंधूताई तिथल्या व्यवस्थापिका. म्हणजे भाजी आणणाऱ्या त्याच, मोटर सुरू करणाऱ्या त्याच, ताप आलेल्या मुलीला डॉक्टरकडे नेणाऱ्या त्याच आणि बाहेर मोटरसायकल घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांना हाकलणाऱ्याही त्याच. रोज सकाळी कामठीहून शेअर ऑटोनं यायचं, दिवेलागणीला परत. एकवीस वर्षं झाली होती. मुलींची लग्नं झाली, मुलं झाली, तरी पहिला फोन सिंधूताईंना यायचा, आईला नंतर.

याबद्दल त्यांना महिन्याला साडेसात हजार मिळत. त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं, असं भैयाजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पगारात मान नसतो, म्हणे. मानधनात धन नसतं, हे सिंधूताईंना आपोआप कळलं. शेवटची वाढ झाली २०१० साली, आणि त्यानंतर तो विषय निघाला की भैयाजी म्हणत, "सभेत घेऊ नं, ताई. असं उभ्या-उभ्या थोडीच होते."

२०२४ च्या ऑगस्टात सिंधूताईंची मुलगी पिंकी एक खबर घेऊन आली. पिंकी एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात कामाला. त्या क्लासचं मुलींचं होस्टेल निघणार होतं आणि त्यांना जाणती बाई हवी होती. महिन्याला सोळा हजार, रविवारी सुट्टी. उत्तर एक ऑक्टोबरपर्यंत द्यायचं.

"मी नाही जात," सिंधूताई म्हणाल्या. "माह्या पोरी सोडून?"

"पोरी दरवर्षी बदलतात वं आई. पगारच तेवढा बदलत नाही." पिंकीचं तोंड वकिलाचं. "आपले आबा छप्पन साली उमरेडहून पायी दीक्षाभूमीवर आले, अन् त्यांची नात भैयाजींसमोर दोन शब्द बोलत नाही. लोकाले सांगू तरी कशी मी?"

आबांचं नाव काढलं की सिंधूताईंचं काही चालत नसे. शेवटी मायलेकींचा करार झाला. यंदाच्या सभेत वाढ झाली तर राहायचं, नाही तर एक तारखेला हो म्हणून टाकायचं. हात पुढे करून पिंकीनं वचन घेतलं. सिंधूताईंनी दिलं, आणि रात्रभर त्यांना झोप लागली नाही, कारण दिलेला शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती.

त्यानंतर आठच दिवसांत रितिका आली. चोवीस-पंचवीसची, पाठीवर बॅग, हातात टॅबलेट. कुठल्याशा मोठ्या देणगीदारांनी विदर्भातल्या लहानलहान न्यासांची पाहणी काढली होती: कोण किती पगार देतं, कारभार कसा चालवतं, पैसे कुठे गुंतवतं. सगळ्यांची तुलना करून ज्याचा त्याला अहवाल मिळणार होता. भैयाजींनी फोनवर एकच प्रश्न विचारला, पैसे लागतात का. लागत नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मंग भरून टाका नं, ताई. आपलं काय जाते."

चौसष्ट प्रश्न होते. पहिले दहा सरळ गेले. मग रितिकानं विचारलं, "अध्यक्षांच्या कामाचं मूल्यमापन कोण करतं?"

सिंधूताईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "त्यांच्या घरच्या करतात. रोज करतात. पण ते लेखी नसते."

"गुंतवणुकीचं धोरण लेखी आहे?"

"पासबुक आहे."

रितिकानं पासबुक पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. "अडतीस लाख नुसते बचत खात्यात? कधीपासून?"

"एफडी होती. तिची मुदत संपली. नव्या एफडीले दोन सह्या लागतात, भैयाजींची अन् मार्तंडरावांची. मार्तंडराव तीन वर्षांपूर्वी वारले."

रितिकानं मांडीवरचं रजिस्टर हळूच वळवलं. "पण ताई, मार्तंडराव तर गेल्या वर्षीच्या सभेला हजर आहेत."

सिंधूताईंचा चेहरा जो पडला, तो पाहून त्या पोरीलाच वाईट वाटलं. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला. बँकेनं सरळ सांगितलं होतं, नवीन सहीदाराचा ठराव आणा. सिंधूताईंनी ते भैयाजींना सांगितलं, भैयाजी म्हणाले सभेत घेऊ. आणि सभेत तो विषय आला नाही, कारण मागच्या वर्षीच्या पानावर तो नव्हता. आता सांगा, दोष कोणाला द्यायचा?

"शेवटचा प्रश्न," रितिका म्हणाली. "तुमचा पगार कोण ठरवतं, आणि शेवटचा विचार कधी झाला?"

"सभा ठरवते," सिंधूताई म्हणाल्या आणि रजिस्टर मागेमागे चाळू लागल्या. २०२३, विषय क्रमांक सात: 'व्यवस्थापिकांच्या मानधनवाढीचा विषय वेळेअभावी पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले.' २०२२, विषय क्रमांक सात, तेच. २०२१, तेच. त्या चाळत गेल्या, त्यांचा हात मंदावत गेला. २०११ पर्यंत तेच वाक्य होतं, स्वल्पविरामाचाही फरक नाही. २०११ साली ते खरं होतं. भैयाजींना एका वरातीला जायचं होतं, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि विषय राहिला. पुढची बारा वर्षं मात्र ना वरात होती ना घड्याळ. नुसतं सुवाच्य अक्षर होतं.

"तेरा वेळा," रितिका म्हणाली. "लिहिलं कोणी?"

"मीच."

"आणि पगार कोणाचा?"

"माहाच."

रितिका हसली नाही. चांगल्या घरची पोरगी होती. ती गेल्यावर सिंधूताई बराच वेळ रजिस्टर पुढ्यात घेऊन बसल्या. त्यांना भैयाजींचा राग यायला हवा होता, आणि तोही तसा नीट येईना. स्वतःची वाढ स्वतःच्या हातानं तेरा वेळा पुढे ढकलणारी बाई दुसऱ्यावर कोणत्या तोंडानं रागावणार.

सभेच्या चार दिवस आधी अहवाल आला. भैयाजी आयुष्यभर गांधीबागेत किराण्याचा होलसेल धंदा केलेले, वय एक्याऐंशी, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून अहवाल पाहिला आणि दुसऱ्या दिवशी अर्धा किलो संत्रा बर्फी घेऊन वसतिगृहात हजर झाले. "पहिला नंबर," ते म्हणाले. "शेहेचाळीस न्यासांत आपला पहिला नंबर. प्रशासनावरचा खर्च सगळ्यात कमी. घ्या ताई, तोंड गोड करा."

सिंधूताईंनी बर्फी घेतली. ते गेल्यावर त्यांनी अहवालाचं पान उलटलं. पुढच्या पानावर पगारांची तुलना होती आणि तिथे जानकीबाई स्मृती न्यासाचा नंबर शेहेचाळीसावा होता. तीस-चाळीस मुलींचं वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईला इतर न्यास साधारण अठरा हजार देत होते. पहिला नंबर कशामुळे आला ते सिंधूताईंना तेव्हा कळलं. हातातली अर्धी बर्फी त्यांनी परत डब्यात ठेवली, आणि मग खरकटी झाली म्हणून पुन्हा उचलून खाल्ली.

शनिवार आला. मुली कोणी झोपलेल्या, कोणी मोबाईलवर. सिंधूताईंनी रजिस्टर उघडलं, तारीख टाकली: २९ सप्टेंबर २०२४. मार्तंडरावांचं नाव गाळलं, मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. नव्या सहीदाराचा विषय घातला. पहिले सहा विषय झाले आणि पेन सातावर येऊन थांबलं.

आता बघा, मोह कसा असतो. 'मानधन दरमहा अठरा हजार करण्याचे सर्वानुमते ठरले,' एवढं लिहायचं. उद्या भैयाजी गुडघ्याबद्दल बोलता-बोलता सही करणार, कुसुमताई व्यायाम सांगता-सांगता सही करणार. हैदराबादचा सौरव, भैयाजींचा पुतण्या आणि तोही विश्वस्त, दरवर्षीप्रमाणे फोनवरून 'यस, यस, फाइन' म्हणणार. कोणी वाचणार नव्हतं. मेलेला माणूस तीन वर्षं हजर चालला, तिथे अठरा हजारांचं काय. पेनाचं टोक कागदाला लागलं, तिथे शाईचा ठिपका पडला. एकवीस वर्षांतला पहिला ठिपका. पण सिंधूताईंच्यानं ते झालं नाही. पिंकीला दिलेला शब्द होता, आणि चोरून लिहिलेली वाढ त्यांना वाढ वाटली नसती. त्यांनी सात आकडा लिहिला, त्याच्यापुढे चार बोटं जागा कोरी सोडली आणि आठवा विषय लिहिला.

रविवारी चार वाजता सगळे जमले. आलूबोंडे झाले, गुडघा झाला. सौरवचा आवाज टेबलावरच्या फोनमधून यायला लागला. भैयाजींनी खिशातून पेन काढलं, रजिस्टर ओढलं आणि सहीची जागा शोधली.

"थांबा भैयाजी," सिंधूताई म्हणाल्या. "सात नंबर भरायचा आहे."

भैयाजींनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, बाईंची तब्येत बरी नाही. "काहून? राहून गेलं काय?"

"राहून नाही गेलं. मी सोडलं. माह्या पगाराचा विषय आहे. तुम्ही सांगा, मी लिहितो... लिहिते." घाबरल्या की सिंधूताई उमरेडच्या पोरीसारखं बोलायच्या.

भैयाजींनी घड्याळ पाहिलं. घड्याळ पाहणं हे त्यांचं जुनं हत्यार. "ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण आत्ताच आपला पहिला नंबर आला. वाढ दिली तं नंबर जाईल नं. पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी मी नसेन," सिंधूताई म्हणाल्या. "दुसरीकडे बोलावून राहिले. सोळा हजार देतात. परवा उत्तर द्यायचं आहे."

फोनमधून सौरव म्हणाला, "यस, यस, फाइन," आणि कुसुमताईंनी फोन उलटा करून ठेवला. कुसुमताई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि त्यांनी आयुष्यात बऱ्याच पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे घेतलं, मागची पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा कसानुसा झाला.

भैयाजींना मात्र लागलं होतं. "एकवीस वर्षं झाली, ताई. घरच्यासारखं मानलं. एवढं होतं तं सांगितलं काहून नाही?"

"दरवर्षी सांगितलं," सिंधूताई म्हणाल्या. "लिहून सांगितलं. तुम्ही सही केली."

कुसुमताईंनी वाचायला सुरुवात केली. २०११, विषय क्रमांक सात. २०१२, विषय क्रमांक सात. शाळेत हजेरी घ्यावी तसं सपाट आवाजात त्या वाचत गेल्या. पाचव्या वर्षाला भैयाजी म्हणाले, "समजलं." त्या थांबल्या नाहीत. तेराव्या वर्षानंतर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "प्रत्येक पानावर माझीही सही आहे, भैयाजी. पोरांच्या वह्यांवर न वाचता सही करणाऱ्या पालकांना मी किती बोल लावले असतील."

भैयाजी व्यापारी माणूस. शरमेतून बाहेर यायचा त्यांचा रस्ता हिशेबावरून जात होता. "पण आणायचे कुठून?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर सिंधूताईंकडे तीन वर्षांपासून तयार होतं. त्यांनी पासबुक पुढे ठेवलं. अडतीस लाख बचत खात्यात पडून आहेत, सहीदार बदलून ते पुन्हा एफडीत टाकले तर वर्षाला दीड लाख व्याज जास्त येईल. वाढ भागून वर उरेल. भैयाजींनी पासबुक पाहिलं, पुन्हा पाहिलं. बाजारात चार आण्यासाठी तासभर घासाघीस करणारा माणूस, वर्षाला दीड लाख त्यांच्या नाकाखालून चालले होते. पगारवाढीपेक्षा तो धक्का त्यांना मोठा बसला.

"किती लिहायचं मंग?" ते शेवटी म्हणाले. "तुम्हीच सांगा, ताई."

बत्तीस मुलींच्या डाळ-तांदळाचा भाव पैशापर्यंत पाडून घेणाऱ्या सिंधूताईंना स्वतःचा आकडा काही सांगता येईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "दहा... दहा केले तरी चालते."

कुसुमताईंनी अहवालाचं दुसरं पान भैयाजींसमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. भैयाजींनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. त्या पानावर त्यांची नजर पहिल्यांदाच पडत होती. तो शेहेचाळीसावा नंबर त्यांनी दोनदा वाचला. मग त्यांनी रजिस्टर ओढलं आणि त्या कोऱ्या जागेत आपल्या वाकड्यातिकड्या, किराण्याच्या चिठ्ठीसारख्या अक्षरात लिहिलं: 'व्यवस्थापिकांचे मानधन दरमहा अठरा हजार करण्याचे ठरले.' थोडं थांबून त्यांनी 'मानधन' खोडलं आणि वर 'पगार' लिहिलं.

"नंबर जाईल," कुसुमताई म्हणाल्या.

"जाऊ द्या," भैयाजी म्हणाले. "बर्फी तं खाऊन झाली."

त्या संध्याकाळी सिंधूताईंनी कामठीच्या ऑटोतून पिंकीला फोन केला आणि नुसतं "राहून राहिली मी" एवढंच म्हटलं. बाजूच्या बाईनं विचारलं, काय झालं वं, रडून काहून राहिली. सिंधूताई म्हणाल्या, पगार वाढला. बाईला ते कारण काही पटलं नाही.

आता इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण जित्याची खोड. कुसुमताईंनी नियम घातला होता की यापुढे प्रोसिडिंग सभेतच लिहायचं. सिंधूताईंनी मान डोलावली होती. आणि २०२५ च्या सप्टेंबरात, सभेच्या आदल्या शनिवारी, दुपारी मुली झोपल्यावर त्यांनी मागच्या वर्षीचं पान उघडलं, तारीख बदलली आणि बाकी सगळं जसंच्या तसं उतरवलं. भैयाजींची खाडाखोडही सुवाच्य केली.

रविवारी आलूबोंडे आले. भैयाजींनी रजिस्टर ओढलं, पेन काढलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी चष्मा नाकावर आणला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एका-एका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत. सगळे वाट पाहत बसले. बोट सातव्या विषयापाशी थांबलं.

"ताई, मागच्या वर्षी पगार किती होता?"

"अठरा."

"अन् हे यंदा काय लिहिलं?"

सिंधूताईंनी वाकून पाहिलं. अठरा हजार करण्याचे ठरले. पुन्हा स्वतःच्याच हातानं, सुवाच्य अक्षरात, त्यांनी यंदाची वाढ बुडवली होती. "चुकलं," त्या हळूच म्हणाल्या.

भैयाजींनी अठरा खोडले. वर वीस लिहिलं, खाली सही केली, आणि रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. सिंधूताईंनी लगेच पेन उचललं. भैयाजींनी पानावर हात आडवा ठेवला.

"वाचून," ते म्हणाले.

सिंधूताईंनी पर्समधून चष्मा काढला, डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. सातव्या विषयापाशी त्या इतका वेळ थांबल्या की आलूबोंडे पार थंड झाले, आणि भैयाजींनी गुडघ्याचा विषयसुद्धा काढला नाही.